बबल टी पहिल्यांदा मागवताना: काउंटरवर काय विचारतात आणि काय सांगायचं

बबल टी म्हणजे तळाशी चावायच्या गोळ्या घातलेला चहा. त्याच्या दुकानात नवा माणूस गडबडतो तो प्रश्नांमुळे. चहा कोणता, साइज कोणता, टॉपिंग काय, साखर किती, बर्फ किती? समोर भलामोठा फलक, मागे रांग, आणि काउंटरपलीकडची व्यक्ती बोट स्क्रीनवर ठेवून उत्तराची वाट पाहतेय. अशा वेळी बहुतेक जण "तुमच्याकडे जास्त काय जातं ते द्या" म्हणून मोकळे होतात. मग हातात येतो पूर्ण साखरेचा, सिरप ओघळणारा, वर क्रीमचा थर असलेला कप. चार घोटांत तोंड मिटतं आणि "बबल टी म्हणजे नुसता पाक" असं मत कायमचं होऊन बसतं.

हे टाळणं सोपं आहे. फलकावर नावं कितीही असली तरी ती मोजक्या गोष्टींची उलटसुलट जोडणी असते: चहा, दूध, टॉपिंग, साखर, बर्फ. प्रत्येकाबद्दल आपलं उत्तर आधी ठरवून गेलात की काउंटरवरचं काम एका वाक्यात होतं.

आत्ता रांगेत उभे राहूनच हे वाचत असाल, तर एवढंच सांगा: "मध्यम साइज, ब्लॅक मिल्क टी, टॅपिओका पर्ल्स, साखर 50 टक्के, बर्फ कमी." बाकीचं कप हातात आल्यावर वाचा.

निघण्यापूर्वी काय लागेल

- काय चालत नाही त्याची यादी: दूध, सोया, अंडं, जिलेटिन, कॅफीन. ॲलर्जी किंवा पथ्य असेल तर ही यादी डोक्यात नको, फोनवर लिहिलेली असू द्या.
- पोटात जागा. पर्ल्स, म्हणजे कपाच्या तळाशी असलेल्या त्या चिवट गोळ्या, शुद्ध स्टार्च असतात. भरपेट जेवणावर मोठा कप संपत नाही.
- स्वतःचा स्ट्रॉ न्यायचा असेल तर जाड, साधारण 12 मिलिमीटर व्यासाचा आणि एका टोकाला तिरका कापलेला. शीतपेयाच्या नेहमीच्या स्ट्रॉमधून पर्ल वर येत नाही, मध्येच अडकून बसतो.
- थोडा वेळ. हे पेय घेऊन लगेच प्यायचं असतं. कारण पुढे पर्ल्सच्या भागात येईल.

1. आधी चहा ठरवा

बरेच जण टॉपिंगपासून सुरुवात करतात, कारण फलकावर चित्रं त्याचीच मोठी असतात. माझं मत उलटं आहे. चहा बेचव असेल तर वर काहीही घातलं तरी तो कप जमत नाही.

साधारण चार पर्याय दिसतील. ब्लॅक टी कडक असतो आणि दुधात त्याची चव हरवत नाही. जास्मिन ग्रीन टीला मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास असतो. तो फळांबरोबर छान लागतो, दुधात मात्र सगळ्यांनाच आवडतो असं नाही. ऊलाँग या दोघांच्या मधला: पानं अर्धवट ऑक्सिडाइझ केलेली. त्यातला भाजलेला ऊलाँग मिळाला तर नक्की लक्षात ठेवा; कमी साखरेत दुधाबरोबर त्याच्याइतकी खमंग चव दुसऱ्या कुठल्या चहाला येत नाही. अर्ल ग्रे म्हणजे बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा वास दिलेला ब्लॅक टी.

पहिल्यांदा ब्लॅक मिल्क टीच घ्या. हे पेय 1980च्या दशकात तैवानमध्ये जन्मलं तेव्हा जवळपास याच रूपात होतं: थंड चहा आणि त्यात टॅपिओकाच्या गोळ्या. आपणच पहिले, असा दावा ताइचुंगचं चुन शुई तांग आणि ताइनानचं हानलिन ही दोन चहागृहं करत आली. प्रकरण कोर्टातही गेलं. शेवटी 2019 मध्ये कोर्टाने सांगितलं की हे पेय कोणीही बनवू शकतं, त्यामुळे पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही. वाद राहू द्या, पण मूळ जोडणी एकदा चाखलीत की नंतरच्या प्रत्येक प्रकाराची तुलना करायला काहीतरी हाताशी राहतं.

इथला सापळा: फलकावरच्या प्रत्येक पेयात चहा असतोच असं नाही. "ब्राउन शुगर मिल्क" हे बहुतेक ठिकाणी दूध, काळपट पाक आणि पर्ल्स एवढंच असतं. टारो म्हणजे अळकुडीच्या जातीचा कंद; त्याचं जांभळट पेयही अनेकदा चहाविना, पावडर घोळून बनवतात. चहा प्यायला गेला असाल तर "यात चहा आहे ना?" हे विचारण्यात कमीपणा नाही. उलट, संध्याकाळनंतर कॅफीन नको असेल तर हेच प्रकार उपयोगी पडतात.

2. दूध की पावडर, हे विचारून घ्या

"मिल्क टी" या नावाखाली दोन वेगळी पेयं विकली जातात. एकात ताजं दूध असतं, दुसऱ्यात क्रीमर पावडर. पावडरचा चहा दाट आणि गुळगुळीत लागतो, जुन्या पद्धतीच्या बबल टीची ती ओळखीची चव आहे. ताज्या दुधाचा चहा हलका असतो आणि त्यात चहाची चव जास्त कळते. ताज्या दुधाचे प्रकार फलकावर बहुधा "फ्रेश मिल्क" किंवा "लाटे" या नावाने वेगळे लिहिलेले असतात.

दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी इथे थांबून नीट वाचावं. क्रीमरच्या पाकिटावर "नॉन-डेअरी" लिहिलेलं असलं तरी त्यात सोडियम केसिनेट असू शकतं, आणि ते दुधातल्या प्रथिनापासूनच बनतं. म्हणजे नाव पाहून निर्धास्त होता येत नाही. ओट, सोया किंवा बदामाचं दूध आहे का विचारा. नसेल तर बिनदुधाचा फ्रूट टी घ्या. आणि ऑर्डर सांगायच्या आधी ॲलर्जी सांगा, नंतर नाही. शेकर, चमचे, मापं एकामागून एक ऑर्डरसाठी तीच वापरली जातात. आधी कळलं तर ती धुऊन घेता येतात.

दुसरा सापळा आंबट फळांचा. लिंबू, पॅशन फ्रूट, ग्रेपफ्रूट यांच्या चहात दूध घालायला सांगू नका. आम्लामुळे ते फाटतं. जोडणी तुमच्या मनाची असली तरी हा नियम मोडता येत नाही.

3. साइज

मध्यम घ्या. मध्यम कप साधारण 500 मिलिलिटरचा असतो, मोठा 700च्या आसपास. पहिल्या खेपेला मोठा घेऊन अर्धा टाकण्यात अर्थ नाही.

4. टॉपिंग: एकच, आणि पहिल्यांदा पर्ल्स

टॅपिओका पर्ल्स, म्हणजेच बोबा, हा या पेयाचा आत्मा. कसावा नावाच्या कंदाच्या स्टार्चवर उकळतं पाणी ओतून कणीक मळतात, तिच्या बारीक गोळ्या करतात आणि त्या उकळतात. गडद रंग बहुधा ब्राउन शुगरचा किंवा कॅरॅमलचा असतो. मोठ्या गोळ्यांना अर्धा तास आणि वर झाकून ठेवायला तेवढाच वेळ सहज लागतो. मग त्या पाकात मुरवून ठेवतात. स्वतःची अशी चव त्यांना फार नसते, जी असते ती पाकाची. त्या घ्यायच्या चावण्यासाठी. तैवानमध्ये या चिवटपणाला "क्यू" म्हणतात: दाताखाली आधी थोडा विरोध करायचा, मग उसळी मारायची.

चांगला पर्ल कसा ओळखायचा? बाहेरून बुळबुळीत, आत शेवटपर्यंत एकसारखा लवचीक. चावल्यावर मध्यभागी पांढरा, पिठूळ ठिपका लागला तर तो कच्चा आहे. दाताला चिकटून लगदा होत असेल तर फार वेळ पाकात पडून राहिलाय. शिजवलेले पर्ल्स जेमतेम चारेक तास चांगले राहतात, म्हणून बरी दुकानं दिवसातून अनेकदा थोडे थोडे शिजवतात. "पर्ल्स ताजे आहेत का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी "हो" येतं. त्यापेक्षा "आत्ताचे पर्ल्स कधी शिजवलेत?" असं विचारा, उत्तरावरून कळून येतं. दुकान बंद व्हायच्या सुमारास गेलात तर ते संपलेले तरी असतात किंवा दिवसभराचे तरी. "नवे शिजतायत, पंधरा मिनिटं लागतील" असं कोणी सांगितलं तर खुशाल थांबा. त्या दिवशी तुमचं नशीब चांगलं आहे.

बाकीची टॉपिंग्ज थोडक्यात. पॉपिंग बोबा दिसायला पर्ल्ससारखे पण कूळ वेगळं: समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट आणि कॅल्शियम यांच्या पातळ पापुद्र्यात फळांचा रस भरलेला असतो, दाताखाली तो फुटतो. फ्रूट टीत मजा येते, दुधात अजिबात नाही. ग्रास जेली काळी, किंचित कडसर, पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीपासून केलेली. गोड दुधाळ चहाचा मारा ती छान कमी करते, पण नवख्याला औषधासारखी लागू शकते. नाटा दे कोको म्हणजे नारळपाणी आंबवून केलेले कुरकुरीत-चिवट तुकडे. कोरफडीचे तुकडे निरुपद्रवी. लाल बीन्स गोड आणि पोटभरीचे.

पुडिंगबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यात अंडं असू शकतं आणि ते घट्ट करायला जिलेटिन वापरलेलं असू शकतं. जिलेटिन प्राण्यांपासून मिळतं, त्यामुळे शाकाहारी असाल तर पुडिंग आणि जेलीच्या प्रत्येक प्रकाराबद्दल विचारा. अगर आणि कोन्याकू या वनस्पतीजन्य गोष्टी आहेत, त्या चालतील. टॅपिओका पर्ल्सचा स्टार्च मुळात वनस्पतीचाच, फक्त काही ठिकाणी ते मधात मुरवतात. मध वर्ज्य असेल तर तेही विचारून घ्या.

वरचा चीज फोम ऐकायला विचित्र वाटतो. क्रीम चीज, क्रीम, दूध आणि चिमूटभर मीठ फेटून केलेला तो खारट-गोड थर आहे. मला तो आवडतो, पण साध्या, बिनदुधाच्या ऊलाँगवर. मिल्क टीवर तो म्हणजे दुधावर दूध.

दोन-तीन टॉपिंग्ज एकत्र घेण्याचा मोह पहिल्या वेळी आवरा. कपाचा तळ भरून जातो, चहा कमी येतो आणि नक्की काय आवडलं हे कळत नाही.

5. साखर: इथेच बहुतेकांचं बिघडतं

साखरेची पातळी टक्क्यांत विचारतात: 100, 70, 50, 30, 0. हे आकडे दुकानाच्या स्वतःच्या मापाचे टक्के आहेत. एकाचे 50 टक्के दुसऱ्याच्या 70 टक्क्यांइतके गोड असू शकतात. आणि 100 टक्के म्हणजे "नेहमीची, साधी गोडी" असा समज करून घेऊ नका. ती पुष्कळ साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवावी, म्हणजे प्रौढ माणसाला साधारण 50 ग्रॅम, आणि शक्यतो त्याच्याही निम्मी. पूर्ण साखरेचा एक मोठा कप ही मर्यादा एकटाच गाठू शकतो.

पहिल्यांदा 50 सांगा. फार गोड आवडत नसेल तर 30.

आता न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. टक्केवारी लागू होते ती फक्त चहात घातल्या जाणाऱ्या सिरपला. पर्ल्स पाकात मुरलेले असतात, पॉपिंग बोबा गोड रसात ठेवलेले असतात, क्रीमर पावडरीतही गोडी असते. म्हणून "0 टक्के साखर, पर्ल्स घालून" हा कप बिनसाखरेचा नसतो. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं; त्यातून पर्ल्सचा स्टार्चही रक्तातली साखर वाढवतोच.

काही पेयांची साखर बदलताच येत नाही. ब्राउन शुगरच्या प्रकारात कपाच्या आतल्या बाजूला जे तपकिरी पट्टे दिसतात तोच त्याचा पाक. तो काढला तर पेयच उरत नाही. आधीच घोळून ठेवलेल्या पावडरींचंही तसंच. दुकानदार "यात कमी होणार नाही" म्हणाला तर तो टाळाटाळ करत नसतो.

6. बर्फ

पर्याय असे: नेहमीचा, कमी, अगदी थोडा, बिनबर्फाचा, आणि काही पेयांना गरम. बर्फाचा संबंध साखरेशी आहे. थंड जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून थंड पेयांची साखर चढती ठेवलेली असते. शिवाय शेकरमध्ये हलवताना बर्फ वितळून चहा थोडा पातळ होतो, आणि चहा कडक काढताना त्याचा हिशेब आधीच धरलेला असतो. बर्फ काढून टाकलात की तोच कप जास्त कडक आणि जास्त गोड लागतो. म्हणून बर्फ एक पायरी कमी केलात तर साखरही एक पायरी खाली आणा.

"बर्फ नको, म्हणजे चहा जास्त मिळेल" हा हिशेब सगळीकडे जमत नाही. काही ठिकाणी जागा भरून देतात, काही ठिकाणी कप तसाच रिकामा राहतो. दोन्ही रीतसर आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

गरम मागवलात तर पर्ल्स आणि लाल बीन्स चांगले लागतात, पर्ल्स जास्त मऊ होतात. जिलेटिनचं पुडिंग मात्र गरम चहात विरघळून जातं. घरपोच मागवत असाल तर बर्फ कमीच सांगा, वाटेत तो सगळा चहात उतरतो.

7. ऑर्डर एका दमात सांगा

क्रम असा ठेवा: ॲलर्जी, साइज, चहा, टॉपिंग, साखर, बर्फ. उदाहरणार्थ:

"मला सोया चालत नाही, आधीच सांगतो. मध्यम, ऊलाँग मिल्क टी, ताज्या दुधात. पर्ल्स घाला. साखर 30, बर्फ कमी."

स्क्रीनवरही बहुधा याच क्रमाने प्रश्न येतात. स्वतः बटणं दाबत असाल तर एक पाहा: साखर आणि बर्फ बहुतेक वेळा आधीच "नेहमीचं" म्हणून निवडलेलं असतं. न पाहता पुढे गेलात की 100 टक्के साखर आलीच.

कपावर एक स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर तुमची सगळी उत्तरं छापलेली असतात. सील फोडण्यापूर्वी ते वाचा. गर्दीत कपांची अदलाबदल होते, आणि एकदा स्ट्रॉ आत गेला की बदलून मागणं अवघड जातं.

8. सील फोडणं आणि पिणं

झाकणाच्या जागी प्लास्टिकची ताणलेली फिल्म असते. आधी कप उलटसुलट हलवून घ्या, तळाशी बसलेलं सिरप वर येतं. चीज फोम असेल तर मात्र हलवू नका. तो स्ट्रॉशिवाय, कप तिरका धरून प्यायचा असतो, म्हणजे फोम आणि चहा एकत्र तोंडात येतात.

कप टेबलावर ठेवा आणि वरच्या कडेला धरा. मधोमध दाबून धरला तर सील फुटताक्षणी चहा अंगावर येतो. स्ट्रॉचं वरचं भोक अंगठ्याने झाका, टोकदार बाजू खाली घ्या आणि एका झटक्यात सरळ खाली. हळूहळू दाबत बसलात तर फिल्म आत खचते आणि कागदी स्ट्रॉचं टोक मोडतं.

पिताना घाई नको. जोरात ओढलं तर पर्ल थेट घशाशी येतो. एका घोटात दोन-तीन पर्ल्स, ते चावून गिळा, मग पुढचा घोट. बोलता-हसताना ओढू नका. लहान मुलांच्या बाबतीत हा नुसता सल्ला नाही: जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने 2012 मध्येच इशारा दिला होता की चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या श्वासनलिकेत या गोळ्या जाऊ शकतात. लहानग्याला हवाच असेल तर पर्ल्सविना, साध्या स्ट्रॉने द्या. आणि चहातलं कॅफीन लक्षात घेता तोही न दिलेलाच बरा.

चहा आणि पर्ल्स एकाच वेळी संपवणं ही थोडी सवयीची गोष्ट आहे. सुरुवातीला स्ट्रॉ तळाशी टेकवून ठेवला तर पर्ल्स आधी संपतात, वर धरला तर शेवटी नुसते पर्ल्स उरतात. अधूनमधून वर-खाली करत राहा.

उरलेला कप फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी प्यायचा विचार सोडून द्या. थंडीत शिजलेल्या स्टार्चची पुन्हा घट्ट रचना होते आणि पर्ल्स खडखडीत होतात. उरणारच असेल तर पर्ल्स खाऊन संपवा आणि नुसता चहा ठेवा.

9. चुकीचं आलं तर

कच्चे पर्ल्स, भलतं टॉपिंग, किंवा स्टिकरवर 30 असून पाकासारखी गोडी: लगेच, दोन-तीन घोटांतच, कप आणि स्टिकर दाखवून शांतपणे सांगा. बहुतेक ठिकाणी नवा करून देतात. अर्धा संपवून तक्रार केली तर काही होत नाही. "मला चव आवडली नाही" ही तक्रार मात्र चालत नाही. त्यासाठी ऑर्डर देण्यापूर्वी चहाचा घोटभर नमुना मिळेल का विचारता येतं. काही जण देतात.

10. दुसऱ्या वेळी

एका वेळी एकच गोष्ट बदला. चहा तोच ठेवून साखर 30 करा, किंवा साखर तीच ठेवून ब्लॅकच्या जागी भाजलेला ऊलाँग घ्या. सगळं एकदम बदललं तर कशामुळे आवडलं किंवा बिघडलं ते कळत नाही. स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी काउंटरवर तोच दाखवा आणि जे बदलायचंय तेवढंच सांगा.